समाजशास्त्रज्ञाची मुलाखत आणि लेखकाची मुलाखत: दोघांना एकच प्रश्न कसे चालतील?

दिवाळी अंक असो, वाङ्मय मंडळाचा कार्यक्रम असो, नाहीतर यूट्यूबवरची दोन तासांची मुलाखत. समोर कादंबरीकार असला की हमखास प्रश्न येतो, "आजचा ग्रामीण तरुण कुठे चाललाय?" समोर समाजशास्त्रज्ञ असला की येतो, "तुमचा स्वतःचा अनुभव काय सांगतो?" दोन्ही प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलेले आहेत, आणि वर्षानुवर्षं तसेच विचारले जातायत.

लेखकाची मुलाखत मराठी वाचकाला पाठ आहे. बालपण, वाचन, पहिली कथा, प्रभाव कुणाचा, पात्र कसं सुचलं. त्यावर इथे वेळ घालवत नाही. समाजशास्त्रज्ञ परिभाषा जास्त वापरतात, लेखक कमी, हा फरकही किरकोळ आहे. आणि 'समाजशास्त्रज्ञ आकडे सांगतात, लेखक गोष्टी सांगतात' हा तर फरकच नव्हे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात मुक्काम टाकून काम केलं. गाव एकच. त्या कामातून 'प्रभुत्वशाली जात' ही कल्पना उभी राहिली: संख्येनं मोठी, जमीन हातात असलेली आणि जातीच्या उतरंडीत अगदी तळाला नसलेली जात गावचा कारभार कसा हाकते, याची उकल. ती उकल टक्केवारीवर उभी नाही, तरी ते अस्सल समाजशास्त्र आहे.

खरा फरक एका प्रश्नात आहे: हे तुम्हाला कुठून कळलं, आणि ते चूक असेल तर कुणी कसं दाखवून द्यायचं?

समाजशास्त्रज्ञ या प्रश्नाला बांधलेला असतो. उद्या कुणी दुसऱ्या गावात जाऊन सांगितलं की इथे जमीन एका जातीकडे आहे पण सत्ता भलत्यांच्याच हातात आहे, तर श्रीनिवासांच्या मांडणीला त्याचं उत्तर द्यावं लागतं, किंवा स्वतःला मुरड घालावी लागते. लेखक त्या अर्थानं बांधलेला नसतो. भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३च्या 'कोसला' कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो आणि सगळं व्यर्थ वाटून परत जातो. त्या काळात वसतिगृहांत राहणारी बहुतेक मुलं मजेत शिकली, नोकरीला लागली, असं कुणी सिद्ध केलं तरी सांगवीकराचा केसही वाकडा होत नाही. नेमाड्यांना 'असे तरुण किती होते?' विचारणं म्हणूनच निरर्थक आहे. लेखकालाही जाब विचारता येतो, पण तो दुसरा असतो: हा माणूस या क्षणी असं बोलेल का, हे दुःख उसनं तर नाही ना?

इथे हटकून एक आक्षेप येतो. समाजशास्त्रज्ञही शेवटी आठवणीतूनच लिहितात, मग फरक राहिला कुठे? यालाही श्रीनिवासांचंच उदाहरण घेऊ. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना त्यांच्या संस्थेत जाळपोळ झाली आणि त्या गावावरची, वर्षानुवर्षं खपून तयार केलेली टिपणं जळाली. मग त्यांनी पुस्तक आठवणीतून लिहिलं. ते १९७६ साली आलं आणि आठवणीतून लिहिल्याचं त्याच्या नावातच सांगितलेलं आहे. म्हणून ती कादंबरी होत नाही. माहिती कुठून आली हे वाचकाला कळलेलं आहे, त्या हिशेबानं तो कुठे किती विश्वास टाकायचा ते ठरवू शकतो. अशा अभ्यासकाला विचारावं, "आठवणीच्या भरवशावर कुठलं विधान करायला तुम्ही कचरलात?" त्याऐवजी "आग लागली तेव्हा काय वाटलं?" एवढं विचारून थांबणारा मुलाखतकार मला अजिबात पटत नाही.

गोंधळ सर्वांत जास्त होतो तो एकाच माणसात दोघंही असले की. इरावती कर्वे हे आपलं लखलखीत उदाहरण. नातेसंबंधांच्या रचनेवर जगभर वाचला गेलेला ग्रंथ त्यांचा आणि 'युगांत'ही त्यांचंच. पंढरीच्या वारीवरचा त्यांचा 'वाटचाल' हा लेख एकदा या नजरेनं वाचून पाहा. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा एकत्र चालतात, एकाच तालावर तेच अभंग म्हणतात, आणि जेवायच्या वेळी पंगती वेगळ्या होतात. हे बाईंनी पाहिलं. त्या दिंडीतल्या दुसऱ्या कुणालाही ते पाहता आलं असतं, खोडूनही काढता आलं असतं. त्याच लेखात त्या म्हणतात की ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. हे वाक्य मला फार आवडतं. पण चालून चालून मन भरून आलेल्या ललित लेखिकेचं ते वाक्य आहे, संशोधनाचा निष्कर्ष नव्हे. निष्कर्ष मानलं तर वसईचे मराठी ख्रिस्ती कुठे गेले? आणि साने गुरुजींनी १९४७ साली प्राणांतिक उपोषण करेपर्यंत ज्यांना विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढू दिली नव्हती, ते कुठल्या महाराष्ट्रात होते? तरी भाषणांत पुरावा म्हणून हेच वाक्य फेकलं जातं आणि पंगतीचं निरीक्षण, जे खरंच पुरावा आहे, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

आत्मकथनकाराची गोष्ट आणखी वेगळी. तो साक्षीदार असतो. १९७८च्या 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार दया पवारांशी बोलतो. दोघं एकच माणूस आहेत, त्याचा आवाजच तिथे दुभंगलेला आहे. असं लिहिणाऱ्याला "तुमच्या समाजाचं यावर म्हणणं काय?" असं विचारणं अन्यायाचं आहे. लाखो माणसांचा प्रवक्ता व्हायला तो आलेला नसतो. आपल्यावर काय गुदरलं ते तो सांगतो, आणि 'असं कितीजणांच्या बाबतीत घडलं?' म्हणून ती साक्ष हलकी करायचा हक्क आपल्याला नाही. साक्षी एकमेकींशेजारी ठेवून त्यातून समाजाची घडण वाचणं हे समाजशास्त्रज्ञाचं काम. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर २००६ साली नेमकं तेच करून दाखवलं. कितीजणांचा प्रश्न विचारायचाच तर तो अभ्यासकाला विचारा.

शेवटी संपादनाबद्दल, कारण निम्मा घोटाळा तिथे होतो. समजा, अभ्यासक म्हणाला, "मी ज्या दोन वस्त्यांत काम केलं, तिथे मुलींची लग्नं लवकर लावण्यामागे शाळा लांब असणं हे एक कारण दिसलं." छापून येतं, "शाळा लांब असल्यानं महाराष्ट्रात बालविवाह होतात." 'दोन वस्त्यांत', 'एक कारण', 'दिसलं' हे शब्द पाल्हाळ म्हणून कापले जातात. त्याचं सगळं काम त्याच शब्दांत असतं. शब्दमर्यादा पाळायचीच असेल तर त्याचं बालपण कापा. लेखकाच्या मुलाखतीत उलट करा: तिथे बालपण राहू द्या आणि 'समाजाची दिशा' या विषयावरचा त्याच्याकडून वदवून घेतलेला परिच्छेद काढून टाका.