पुलापलीकडचं त्रियाना : स्पेन ग्रुपच्या मंडळींसाठी

आयटिनररी व्हॉट्सॲपवर टाकली की दोन-चार जणांचे फोन ठरलेले, की सेव्हिलला मोजून तीन दिवस आणि त्यातला अख्खा एक दिवस ह्या त्रियानाला कशाला, तिथे ना राजवाडा ना मोठं कॅथेड्रल. बरोबर आहे, नाहीये. म्हणूनच हे पत्रक, प्लेनमध्ये वाचलंत तरी चालेल.

सेव्हिलमधून ग्वादालकिवीर नदी जाते, नाव मूळ अरबी, अल-वादी अल-कबीर, म्हणजे मोठी नदी. पूर्वेला राजाचं, व्यापाऱ्यांचं शहर आणि पश्चिम काठाला त्रियाना. आता आपण ज्या लोखंडी पुलावरून चालत जाणार तो १८५२ सालचा, त्याच्या आधी ११७१ पासून जवळजवळ सातशे वर्षं तिथे होड्यांचा पूल होता, ओळीने होड्या साखळदंडांनी बांधायच्या आणि वर फळ्या टाकायच्या, पूर आला की तुटला, परत बांधा. त्यामुळे पलीकडचे लोक शहरात असून शहराचे कधी झालेच नाहीत, आजही पूल ओलांडायला निघाले की "सेव्हिलला जाऊन येतो" म्हणतात. दहा मिनिटांचं अंतर हो!

नदीकाठी चांगली माती, म्हणून कुंभार इथे. भट्ट्यांचा धूर शहराला नको, तोही इथे. खलाशी इथलेच, १४९२ च्या १२ ऑक्टोबरला कोलंबसच्या ताफ्यातल्या पिंता जहाजावरून पहिल्यांदा जमीन बघितली तो रोद्रिगो दे त्रियाना (बक्षीस मात्र कोलंबस साहेबांनी स्वतःच खिशात घातलं, ही गोष्ट गाइड फार रंगवून सांगतो).

ह्या कुंभारांच्या रंगीत फरशांचं म्हणाल तर इथे घाई करायची नाही असं आम्ही आधीच सांगून ठेवतो. जुन्या कारखान्यात २०१४ पासून सिरॅमिकचं म्युझियम आहे, विटांच्या गोल भट्ट्या आत जशाच्या तशा. तिथे फरशी हातात मिळाली तर बोट फिरवून बघा, दोन रंगांच्या मधे एक काळपट रेघ लागेल. ती नुसती शोभेची नाही. मँगनीज आणि तेल-चरबी कालवून नक्षीच्या रेघा काढतात, मग रंग भरतात, तेलकट रेघेवरून पाण्यातला रंग पलीकडे जात नाही, आपापल्या घरात बसतो, आणि भट्टीत तेल जळून गेलं की काळी रेघ तेवढी उरते. पणजीला फोंतेन्हासमध्ये घरांवर ज्या निळ्या फरशा बघितल्यात त्यांचं नाव आणि ह्यांचं नाव एकच, आझुलेजो, फक्त गोव्यात ते पोर्तुगीजांबरोबर आलं.

आता खितानो लोकांबद्दल. स्पेनमधले रोमा (जिप्सी) म्हणजे खितानो, त्यांचे पूर्वज कित्येक शतकांपूर्वी आपल्याकडून, उत्तर हिंदुस्थानातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरूनच कळतं. त्यांच्या बोलीत पाण्याला काय म्हणतात माहितीये? पान्यी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एक काकू चक्क गप्प झाल्या आणि त्या सहसा गप्प होत नाहीत. इथे त्यांच्या लोहाराच्या भट्ट्या होत्या आणि मार्तिनेते नावाचं फ्लामेंको गाणं तिथलंच, गिटार नाही, टाळ्या नाहीत, फक्त आवाज आणि ऐरणीवरचा हातोडा. फ्लामेंको म्हणजे फक्त लाल झगा असं डोक्यात असेल तर हे ऐकाच.

ही सगळी मंडळी राहायची कोर्रालमध्ये. मधे अंगण, चारी बाजूंना एकेक खोलीची बिऱ्हाडं, नळ, मोरी, संडास सामाईक आणि भांडणंही सामाईक, गिरगावात किंवा सदाशिव पेठेत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नकोच. गेल्या शतकाच्या मध्यानंतर त्यातले बरेचसे पाडले, खितानोंना शहराबाहेरच्या वसाहतींमध्ये हलवलं आणि आता तिथे टुरिस्ट अपार्टमेंट्स. हे आम्ही लपवत नाही, कारण आम्हीही टुरिस्टच आणतो.

पुलापाशीच भाजी-मासळीचा बाजार आहे, त्याच्या खाली सान होर्खे किल्ल्याचे अवशेष. १४८१ पासून १७८५ पर्यंत इन्क्विझिशनचं, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाचं, ठाणं हेच. वर मासळी विकतात आणि खाली कोठड्या. बाजूच्या अरुंद बोळाचं नावही अजून इन्क्विझिशनचंच आहे.

सांता आना चर्चमध्ये १५०३ ची फरशांची एक समाधी आहे, लग्न जमावं म्हणून मुली तिला लाथ मारतात अशी जुनी समजूत, त्यात समाधीवर चितारलेल्या बिचाऱ्याचा चेहरा झिजला. आता मारायला परवानगी नाही, कोणाच्या मुलीचं जमायचं असेल तरी.

सणांचं एवढंच लक्षात ठेवा. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी रात्री एस्पेरान्सा, म्हणजे इथली मेरीची मूर्ती, मिरवणुकीने निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुलावरून घरी परत येते. केवढा तो चौथरा, खाली मखमली पडद्याआड माणसं, मानेवर चुंबळ बांधून वजन घेतलेली, बाहेरून फक्त त्यांचे पाय दिसतात. आपल्याकडे पालखीला खांदा द्यायला जी धडपड असते तीच इथे. जुलैत २६ तारखेच्या आसपास सांता आनाची जत्रा, तेव्हा नदीवर आडवा खांब काढतात, त्याला चरबी फासतात आणि टोकाचा झेंडा आणायला पोरं एकामागून एक धावतात, धपाधप पाण्यात. दहीहंडी आडवी केली असं समजा. भाजलेल्या सार्डिन आणि ओले हेझलनट खायचे दिवस ते. पण जुलैचा ग्रुप आम्ही काढत नाही, पारा सहज चाळिशीच्या वर, सॉरी.

खाण्याचं. व्हेज मंडळींनी पालक-छोले मागवा, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, त्यात जिरं असतं, घरचंच वाटेल. टोमॅटोचं थंड सालमोरेखो मागवताना "सिन हामोन" म्हणायचं, नाहीतर वर हॅम भुरभुरून येतं, हे आम्ही एकदा सांगायला विसरलो आणि एका काकांनी अर्धी वाटी संपवल्यावर विचारलं हे लाल लाल काय आहे. त्यांची माफी मागून झालीये, तरी दर दिवाळीच्या मेसेजला आठवण करून देतात.

दुसरी आमची चूक, पहिल्या वर्षी ग्रुपला दुपारी तीनला नेलं, छोट्या दुकानांची शटरं खाली आणि रस्त्यावर आम्ही आणि एक कुत्रा. पुण्याच्या माणसाने निदान एक ते चार तरी ओळखायला हवं होतं. आता सकाळी साडेनऊला पूल ओलांडतो, दुपारी हॉटेलवर झोप, संध्याकाळी परत. बेतीस रस्त्यावर नदीकाठाला बसलात की समोर तोर्रे देल ओरो हा जुना बुरूज, उन्हं उतरताना सोनेरी होतो, फोटो तेव्हाच काढा. जेवण नऊनंतर, त्यामुळे ज्यांना सातला गोळी घ्यायची असते त्यांनी खाकरा, चिवडा जवळ ठेवा.

फरशा घेतल्यात तर हँडबॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये देऊ नका. बबल रॅप आमच्याकडे असतो, टूर मॅनेजरकडे मागा.