मोबाइल खेळांची रचना व निर्मिती

मोबाइल फोनवर खेळण्याच्या खेळाची कल्पना ठरविणे, नियम बांधणे, चित्रे व ध्वनी तयार करणे, आज्ञावली लिहिणे, निरनिराळ्या हँडसेटवर तिची चाचणी घेणे आणि खेळ वितरित झाल्यावर त्याची देखभाल करणे, या सर्व कामांना मिळून ही संज्ञा वापरतात. संगणकावरचा किंवा दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचा खेळ खेळणाऱ्याचे पूर्ण लक्ष गृहीत धरतो. मोबाइल खेळाला तसे करता येत नाही. मधेच फोन वाजतो, बस थांबते, बॅटरी उतरते, अंगठा पडदा झाकतो. या शाखेतील बहुतेक तंत्रे या अडचणींतून जन्मली आहेत.

उगम : पहिला मोबाइल खेळ कोणता, याविषयी एकमत नाही. १९९४ मधील दोन दावे प्रमुख आहेत. हागेनुक या कंपनीच्या एमटी-२००० या फोनवर टेट्रिस खेळाची एक आवृत्ती होती. त्याच वर्षी ऑगस्टपासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयबीएमच्या सायमन या यंत्रात स्क्रॅम्बल नावाचे सरकत्या चौकोनांचे कोडे होते. सायमनला स्पर्शाने चालणारा पडदा होता. परंतु तो फोन जोडलेला हातसंगणक होता, असे म्हणणारे त्याला या यादीतून वगळतात. सामान्य समजुतीत मात्र पहिला मान नोकिया ६११० वरील स्नेक या खेळाला मिळतो. फिनलंडमधील अभियंते तानेली आर्मांटो यांनी तो लिहिला. त्याचे वर्ष बहुधा १९९७ असे देतात; फोन सर्वत्र मिळू लागला तो त्यानंतर. कालक्रमाने स्नेक पहिला ठरत नाही. मात्र खेळ हे फोनचे नेहमीचे अंग झाले ते त्याच्यापासून, आणि पहिलेपणापेक्षा हा निकष अधिक उपयोगी वाटतो. खेळाची कल्पनाही नवी नव्हती. मागे रेघ सोडत जाण्याचा आणि तिला न धडकण्याचा नियम ग्रेम्लिन कंपनीच्या १९७६ मधील ब्लॉकेड या नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रावर आढळतो. ६११० चा पडदा ८४ × ४८ बिंदूंचा होता. त्यावर हा खेळ बसला, कारण त्याला चौकटींच्या जाळ्यापलीकडे काही लागत नव्हते.

स्नेकसारखा खेळ आजही शिकाऊ प्रोग्रॅमरला पहिला अभ्यास म्हणून देतात. त्यातील एक चूक इतकी सार्वत्रिक आहे, की ती येथे सविस्तर नोंदविणे योग्य होईल. साप ठराविक ठोक्याला एक घर पुढे सरकतो. तो उजवीकडे जात असताना खेळाडूने एकाच ठोक्याच्या आत आधी ‘वर’ आणि लगेच ‘डावीकडे’ दाबले, तर आज्ञावली शेवटची दिशा तेवढी लक्षात ठेवते. साप जागच्या जागी उलटतो आणि स्वतःच्याच मानेला धडकून मरतो. उलट दिशेला मनाई केली असली तरी हे घडते. कारण तुलना शेवटी दाबलेल्या दिशेशी केलेली असते, प्रत्यक्ष चाललेल्या दिशेशी नव्हे. उपाय म्हणजे दोन आज्ञांची छोटी रांग ठेवावी, प्रत्येक ठोक्याला तिच्यातील एकच आज्ञा काढावी आणि तिची तुलना सापाने मागच्या ठोक्याला खरोखर घेतलेल्या दिशेशी करावी.

जावा काळ : जपानमध्ये एनटीटी डोकोमो या दूरसंचार कंपनीची आय-मोड ही फोनवरील इंटरनेट सेवा १९९९ मध्ये सुरू झाली. जावा या प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषेचा मोबाइलसाठीचा एमआयडीपी १.० हा आराखडा २००० मध्ये आणि २.० हा २००२ मध्ये आला. पहिल्या आराखड्यात ध्वनीची सोय नव्हती आणि चित्रातील पारदर्शक भागाची हमीही नव्हती. त्यामुळे काही हँडसेटवर नायकाभोवती पांढरा चौकोन दिसे. दुसऱ्यात हलत्या आकृती आणि फरशांप्रमाणे छोटे तुकडे जोडून केलेली पार्श्वभूमी यांसाठी वेगळा संच दिला गेला. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० फोनांवर संपूर्ण खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. हे कसे साधत, ते पाहण्यासारखे आहे. पीएनजी या स्वरूपातील चित्राच्या प्रत्येक फाइलला, आत काहीही असो, किमान ५७ बाइट वेष्टनापोटी जातात आणि रंगांची यादी वेगळी. म्हणून वीस छोटी चित्रे एका मोठ्या चित्रात जोडून, एकच रंगयादी वापरून, हवा तो तुकडा कापून दाखवीत. आज अ‍ॅटलास म्हणतात ती हीच युक्ती. प्रत्येक हँडसेटचा पडदा, कळांचे क्रमांक आणि मेमरी वेगळी असल्याने एका खेळाच्या अनेक आवृत्त्या काढाव्या लागत, आणि बराच खर्च या रूपांतरातच होई.

ॲपलचे अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ रोजी आणि गूगलचे अँड्रॉइड मार्केट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. खेळ आणि खेळाडू यांच्या मधल्या दूरसंचार कंपन्यांचे महत्त्व त्यामुळे घटले. ऑक्टोबर २००९ पासून ॲपलने मोफत अ‍ॅपमध्येही खरेदीची मुभा दिली आणि खेळ फुकट देऊन आतील वस्तू विकण्याचा प्रघात पडला.

खेळाची रचना : प्रारंभी चित्रे न काढता साध्या चौकोनांवर मूळ कृती बांधून पाहतात. ती कृती चौकोनांवर रंगत नसेल, तर पुढे चित्रे घालून ती रंगत नाही. फोन उभा धरायचा की आडवा, हे याच टप्प्यावर ठरवावे. नंतर बदलल्यास सर्व पडदे नव्याने आखावे लागतात. एका हाताने खेळायच्या खेळात महत्त्वाची बटणे खालच्या भागात असावीत. बटणाचा स्पर्शभाग ॲपलच्या मार्गदर्शनानुसार किमान ४४ पॉइंट, तर अँड्रॉइडवर ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरील लांबीची मापे), म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर ठेवतात. चित्र लहान असले तरी स्पर्शभाग मोठा ठेवता येतो. कॅमेऱ्याची खाच आणि गोलसर कोपरे यांखाली गुण किंवा बटणे दडू नयेत, म्हणून ती सुरक्षित क्षेत्राच्या आत बसवितात. पार्श्वभूमी मात्र कडेपर्यंत जाऊ देतात.

दैवाचा भाग असलेल्या खेळांत आकडेमोड टाळता येत नाही. लुडोत सोंगटी बाहेर काढायला सहा पडावे लागतात. फासा पूर्ण प्रामाणिक असला तरी एखाद्या खेळाडूला पहिल्या १० फेकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. चौघे खेळत असतील, तर त्यांच्यापैकी निदान एकावर ही वेळ येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होते, आणि तो खेळाडू फासा खोटा असल्याची तक्रार करतो. यावर काही रचनाकार १ ते ६ प्रत्येकी दोन अशा १२ चिठ्ठ्या पिशवीत घालून एकेक काढण्याची पद्धत वापरतात. मग पहिल्या ११ फेकींत सहा नक्की पडतात. पण मोजदाद ठेवणाऱ्या खेळाडूला पिशवीत उरलेल्या चिठ्ठ्या ओळखता येतात. मधला मार्ग म्हणजे शुद्ध फासा ठेवून काही फेकींनंतर सहाची शक्यता थोडी वाढविणे. तसे केल्यास ते नियमांत उघड सांगणे खेळाडूशी प्रामाणिकपणाचे आहे. इंटरनेटवरून खेळताना फासा सर्व्हरवरच, म्हणजे खेळ चालविणाऱ्या मध्यवर्ती संगणकावरच, टाकावा. फोनवर टाकलेला फासा बदलता येतो.

तांत्रिक बाजू : आज बहुतेक खेळ युनिटी, गोडो, कोकोस किंवा अनरिअल यांसारख्या इंजिनांवर, म्हणजे तयार साधनसंचांवर, बांधतात. सेकंदाला ६० चौकटी (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे) हव्या असतील, तर प्रत्येक चौकटीला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० साठी ३३.३. या वेळात हालचाल, टक्कर, ध्वनी आणि चित्रण सर्व उरकावे लागते.

वस्तू दर चौकटीला ५ बिंदू सरकवा, असे लिहिले तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर ती सेकंदाला ३०० बिंदू जाते आणि १२० हर्ट्झच्या पडद्यावर ६००. एकाच फोनवर चाचणी झाली असेल, तर ही चूक कळत नाही. म्हणून वेग नेहमी सेकंदाच्या मापात ठेवून गेलेल्या वेळेने गुणतात. टकरीचे गणित वेळेच्या स्थिर अंतराच्या पायऱ्यांनी करतात. युनिटीत ते अंतर मुळात ०.०२ सेकंद असते. सेकंदाला १५०० बिंदू जाणारी गोळी एवढ्या वेळात ३० बिंदू ओलांडते, त्यामुळे १० बिंदू जाडीच्या भिंतीतून ती आरपार निघून जाऊ शकते. तेथे गोळीच्या मागच्या व पुढच्या जागेमधील संपूर्ण रेघ तपासावी लागते. फोन क्षणभर अडकला की राहिलेल्या पायऱ्या एकदम भरून काढताना तो आणखी अडकतो; म्हणून एका चौकटीत किती पायऱ्या भरायच्या, यावर मर्यादा घालतात.

मेमरीच्या बाबतीत नवख्यांचा मोठा गैरसमज असा, की फाइल लहान म्हणजे चित्र हलके. २०४८ × २०४८ बिंदूंचे चित्र पीएनजी स्वरूपात काहीशे किलोबाइट असले, तरी उलगडल्यावर ते १६ मेगाबाइट रॅम व्यापते. तेच चित्र आवळण्याच्या एएसटीसी या पद्धतीने ६ × ६ च्या ठोकळ्यांत आवळल्यास सुमारे १.८ मेगाबाइट लागतात, कारण ते आवळलेल्या स्थितीतच वापरले जाते. बारीक अक्षरे व तीक्ष्ण कडा असलेल्या चित्रांसाठी ४ × ४ घ्यावे. नाहीतर कडा फाटल्यासारख्या दिसतात.

खेळ मधेच गचके खात असेल, तर बहुधा कारण मेमरीची सफाई, म्हणजे वापरून झालेली माहिती काढून टाकणे, असते. गुणांचा मजकूर दर चौकटीला नव्याने जोडला, किंवा प्रत्येक गोळी नवी निर्माण करून टाकून दिली, की कचरा साठतो आणि सफाईच्या वेळी चित्र थांबते. गोळ्या आधीच बनवून पुन्हापुन्हा वापराव्यात आणि मजकूर गुण बदलला तरच बदलावा. एकावर एक अनेक पारदर्शक थर रंगविणे हेही महाग पडते. धूर आणि स्फोट यांमुळे स्वस्त फोन याच कारणाने मंदावतात. पहिली ५ मिनिटे सुरळीत गेल्यावर समाधान मानू नये. फोन तापला की प्रोसेसर आपला वेग आपणहून घटवितो, त्यामुळे चाचणी सलग अर्धा तास, शक्यतो फोन चार्जिंगला लावून, घ्यावी.

पार्श्वभूमीत गेलेला खेळ अँड्रॉइड केव्हाही बंद करू शकतो. यास्तव प्रगती बाहेर पडताना नव्हे, तर खेळ थांबताच जतन करतात. तीही आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदलून, म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल जुनी नोंद पुसत नाही.

देवनागरी मजकूर : मराठी खेळांना ही अडचण हमखास येते. युनिटीतील टेक्स्टमेशप्रो हा प्रचलित घटक अक्षरे साठविलेल्या संगणकीय संकेतांच्या क्रमानेच मांडतो. त्यामुळे ‘कि’ मधील वेलांटी व्यंजनानंतर येते आणि जोडाक्षरे हलन्त दिसून फुटतात. अक्षरजुळणी हार्फबझ या तयार आज्ञावलीकडून करून घेणे हा खरा उपाय आहे. गोडो ४ मध्ये ते अंतर्भूत आहे. फाँट मराठीची वळणे पाळतो की नाही, हेही पाहावे. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला फरक दाखविणारा अर्धा ऱ काही फाँटांत नीट उमटत नाही. ठरलेली थोडीच वाक्ये असतील, तर ती चित्ररूपाने घालण्याची पळवाट वापरतात. पण मग खेळाडूचे नाव दाखविता येत नाही.

प्रकाशन : गूगलच्या प्ले स्टोअरवर नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर, तर ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्यांना आधी मर्यादित चाचणी सक्तीची आहे. त्यासाठी सध्या किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस लागतात. प्रकाशनानंतर खेळाडूला जाणवणाऱ्या बंद पडण्याचे प्रमाण १.०९ टक्के किंवा प्रतिसाद न मिळण्याचे प्रमाण ०.४७ टक्के ओलांडले, तर गूगल त्या खेळाचा दुकानातील प्रसार कमी करू शकते.

भारत : मुंबईत इंडियागेम्स ही कंपनी १९९९ मध्ये आणि नझारा त्याच सुमारास स्थापन झाली. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा लुडो किंग हा खेळ २०१६ मध्ये आला आणि टाळेबंदीच्या काळात घरोघर पोहोचला. पुण्याच्या सुपरगेमिंगने इंडस हा नेमबाजीचा खेळ २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ त्यातून वेगळे ठेवले आहेत.