मुंबई–लंडन विमानप्रवास : अंतर किती, तास किती?

तिकिटावर छापलेली वेळ त्या-त्या शहराच्या घड्याळाची असते. त्यामुळे नुसती वजाबाकी करून प्रवासाचे तास निघत नाहीत. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, एरवी साडेपाच तास.

समजा, मे महिन्यात विमान मुंबईहून दुपारी 1 वाजता सुटून संध्याकाळी 6 वाजता लंडनला पोहोचते. फरक दिसतो 5 तासांचा. त्यात साडेचार मिळवा, म्हणजे खरा प्रवास साडेनऊ तासांचा. परतताना उलट करायचे. लंडनहून रात्री 9:30 ला निघून मुंबईत सकाळी 11 वाजता उतरलात, तर दिसणाऱ्या साडेतेरा तासांतून साडेचार वजा करा : 9 तास. या परतीच्या वेळेपुढे बारीक अक्षरांत ‘+1’ असते, म्हणजे पोहोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. न्यायला येणारी गाडी त्याच तारखेची ठरवा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

दोन्ही शहरांतले सरळ अंतर सुमारे 7,200 किमी. ताशी 900 किमी वेगाने ते 8 तासांत संपायला हवे. पण 10–12 किमी उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. तो ताशी 100 किमीने समोरून आला, तर विमान जमिनीच्या हिशोबाने ताशी 800 किमीच कापते आणि तेवढ्याच अंतराला 9 तास लागतात. परतताना हाच वारा पाठीशी असतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, म्हणून जाण्या-येण्यातला फरकही तेव्हा जास्त जाणवतो.

शिवाय विमान अगदी सरळ रेषेत जात नाही. बंद असलेल्या हवाई हद्दी टाळून वळसा घ्यावा लागतो.

तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि उड्डाणासाठी रांग लागते. हीथ्रोला उतरण्यापूर्वी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागणे नेहमीचेच. म्हणून वैमानिक सांगतो तो उड्डाणाचा वेळ तिकिटावरच्यापेक्षा कमी भरतो.

लंडनहून पुढे जायचे असेल, तर शक्यतो एकाच तिकिटावर आरक्षण करा. पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय मग विमान कंपनी करते. वेगळे तिकीट असेल तर ते बुडते. अशा वेळी मध्ये किमान 4 तास ठेवा, कारण इमिग्रेशन आणि सामान यांतच एक-दीड तास सहज जातो.

इन्सुलिन किंवा ठरावीक तासांनी गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून भारतीय वेळेनुसार वेळापत्रक लिहून घ्यावे. जाताना दिवस साडेचार ते साडेपाच तासांनी लांबतो आणि डोसांमधले अंतर चुकते. औषधे, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेतच ठेवा.