नौका छायाचित्रण, व्यावसायिक

विक्री, भाड्याने देणे, जाहिरात किंवा माहितीपुस्तिका यांसाठी यॉट, मोटरबोट व शिडाच्या नौका यांची प्रत्यक्ष पाण्यावर जाऊन छायाचित्रे घेण्याचे काम. यात नौका, पाणी, उजेड आणि खुद्द छायाचित्रकार असे सगळेच एकाच वेळी हलत असतात. त्यामुळे कामाचा मोठा भाग शटर दाबण्याआधीच उरकावा लागतो. साधारण लेन्स असली तरी निभावून नेता येते. पण चित्रातली नौका आणि छायाचित्रकाराची नौका या दोन्हींच्या चालकांचा मेळ बसला नाही, तर उत्तम सामग्रीही कामी येत नाही.

या क्षेत्रातले जुने आणि मोठे नाव म्हणजे इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउज बंदरातले बीकन कुटुंब. फ्रँक बीकन यांनी स्वतः तयार केलेल्या जोडभिंगी कॅमेऱ्याचे शटर दातांत धरलेला रबरी चेंडू चावून चालत असे. डुलत्या लाँचवर, म्हणजे छोट्या मोटरबोटीवर, दोन्ही हात अवजड कॅमेरा सावरण्यात गुंतलेले असत, त्यावर काढलेला हा तोडगा होता. कॅमेरे आता हलके झाले असले, तरी तोल सांभाळण्याची अडचण तीच आहे. न्यूयॉर्कचे मॉरिस रोझेनफेल्ड आणि त्यांचे पुत्र स्टॅन्ली यांनीही असेच आयुष्यभराचे काम केले. त्यांचा सुमारे १० लाख चित्रांचा संग्रह १९८४ मध्ये अमेरिकेतील मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयाकडे आला.

चालत्या नौकेची चित्रे हा कामाचा गाभा. ती बहुधा सोबत धावणाऱ्या दुसऱ्या नौकेतून घेतात. मुख्य नौकेने ठरलेली दिशा आणि वेग अजिबात बदलायचा नाही. जवळ येणे, मागे पडणे, बाजू बदलणे हे सगळे सोबतच्या नौकेने करायचे. हा नियम चित्रासाठी आहेच, पण टक्कर टाळण्यासाठी तो त्याहून अधिक मोलाचा आहे. बोलणे व्हीएचएफ रेडिओवर चालते. त्यातला १६ वा चॅनेल संकटाच्या हाकेसाठी आणि संपर्क साधण्यासाठी राखीव असतो, म्हणून कामापुरता दुसरा चॅनेल आधीच ठरवून घेतात.

छायाचित्रकार पाण्याच्या जितका जवळ बसेल, तितकी नौका भारदस्त दिसते. पुढून थोड्या तिरक्या कोनातून घेतलेले, नाळ (नौकेचे पुढचे टोक) आणि एक पूर्ण बाजू दाखवणारे चित्र ग्राहकांना बहुधा सर्वांत आधी हवे असते. त्यासाठी ७०–२०० मिमी झूम लेन्स पुरते. १/१००० सेकंदाला उडणारे थेंब लख्ख गोठतात. मात्र फेस कमी उडत असेल, तर तेवढ्या वेगवान शटरने धावती नौकाही उभी असल्यासारखी दिसते. वेग जाणवून द्यायचा असेल तर १/६० च्या आसपास शटर ठेवून नौकेबरोबर कॅमेरा फिरवतात; यात बरीच चित्रे वाया जातात, हे गृहीत धरायचे. ट्रायपॉडचा उपयोग नाही, कारण इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात जाते. गुडघे सैल ठेवून, कठड्याला न टेकता, हातातच कॅमेरा धरणे बरे.

नाळ किती उचलली जाते, याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. ती फार वर गेली की नौका मागे बसल्यासारखी, अवजड दिसते. ट्रिम टॅब (नौकेचा कल सावरणाऱ्या मागच्या हलत्या पट्ट्या), वेग, टाक्यांतले इंधन-पाणी आणि माणसे कुठे बसली आहेत, या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. निघण्यापूर्वी बाहेर लोंबणारे फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला टांगलेल्या गाद्या) आत घ्यायचे, दोर गुंडाळायचे, काचांवरचे सुकलेल्या थेंबांचे डाग पुसायचे. एक विसरलेला फेंडर संपूर्ण सकाळचे काम बिघडवू शकतो.

वरून चित्रे घेण्यासाठी पूर्वी हेलिकॉप्टरच लागे. मोठ्या, वेगवान यॉटसाठी ते आजही वापरतात. दार काढून, हार्नेस बांधून बसायचे आणि पंख्याचा वारा पाण्यावर वा शिडांवर येणार नाही इतके अंतर राखायचे. बाकी बहुतेक काम आता ड्रोनने होते. अनेक देशांत त्याला सुमारे १२० मीटर उंचीची मर्यादा आहे. नौकेवरून ड्रोन उडवताना मोठा धोका असतो तो ‘घरी परत’ या सोयीचा: ड्रोन उड्डाणाच्या जागी परततो आणि तोवर नौका पुढे गेलेली असते. शिवाय पोलादी डेकवर होकायंत्र चुकते आणि हलत्या पाण्यावर खालचे सेन्सर गोंधळतात. म्हणून अनुभवी माणसे तो हातातूनच सोडतात आणि हातातच झेलतात.

पाण्याची चकाकी काढायला ध्रुवक फिल्टर लागतो. पाण्याच्या पातळीपासून सुमारे ३७ अंश वरून पाहताना त्याचा परिणाम सर्वाधिक असतो. बदल्यात एक ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे). फार रुंद लेन्सवर मात्र त्याने आकाशाचा रंग असमान होतो. बाजूचे चित्र सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खुलते, तर उथळ पाण्याचा निळा-हिरवा रंग हवा असेल तर सूर्य वर यावा लागतो. गडद रंगाचे चकचकीत अंग आरशासारखे धक्का, शेजारच्या नौका, सगळे दाखवते. अशी नौका मोकळ्या पाण्यातच टिपावी.

संधिप्रकाशातल्या चित्रात आतले दिवे आणि आकाश यांचा उजेड मोजकी काही मिनिटेच जुळतो. धक्क्यावर ट्रायपॉड स्थिर असला तरी नौका डुलतेच. म्हणून जादा दोर ताणून बांधतात आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवून शटरचा वेळ कमी करतात.

केबिनच्या आत १६ ते २४ मिमी लेन्स लागते. तिथे कॅमेरा सपाट आहे का हे दाखवणाऱ्या लेव्हलच्या बुडबुड्यावर विसंबता येत नाही. नौका कललेली असली की तोही फसवतो. दरवाजाची चौकट किंवा कपाटाची कड उभी दिसेल असा कॅमेरा लावायचा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आतले दिवे साधारण २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर, आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. फ्लॅशचा उजेडही दिवसासारखाच असतो, त्यामुळे तो आतल्या दिव्यांशी जुळावा म्हणून फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावतात. उजेडाच्या वेगवेगळ्या मापांची चित्रे घेऊन नंतर जोडण्याचीही पद्धत आहे. मात्र चालत्या नौकेत खिडकीबाहेरचे क्षितिज प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी येते, म्हणून हे काम बांधलेल्या नौकेवरच करावे.

खाऱ्या पाण्याचे तुषार उडत असताना लेन्स बदलत नाहीत. वेगवेगळ्या लेन्स चढवलेले दोन कॅमेरे सोबत ठेवतात आणि परतल्यावर गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने मीठ पुसतात. कोरड्या फडक्याने घासले तर मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात.