घडीने घनमूळ : चौकोनी कागदाच्या भूमितीची पार्श्वभूमी

दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन (म्हणजे दोनचे घनमूळ) कंपास आणि बिनखुणांच्या पट्टीने काढता येत नाही, वाटेल त्या कोनाचे तीन समान भाग करणारी रीतही त्यांनी मिळत नाही, हे १८३७ मध्ये सिद्ध झाले. चौकोनी कागदाच्या घड्यांनी मात्र ही दोन्ही कामे होतात, आणि अंदाजाने नव्हे तर तंतोतंत.

कागदी भूमितीचे सर्वांत परिचित जुने पुस्तक मद्रासचे, १८९३ सालचे, महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या एका गणितप्रेमीने लिहिलेले. प्रेरणा होती किंडरगार्टनच्या साहित्यातला आठवा संच : दोनशे रंगीत चौकोनी कागद आणि सोबत घडी दाबायचे साधन. एका नामांकित जर्मन गणितज्ञाने दखल घेतल्यावर १९०१ मध्ये शिकागोहून त्याची सुधारित आवृत्ती निघाली. पुस्तक सुरेख आहे. पण कोनाचे त्रिभाजन त्यात अंदाजे केले आहे, आणि घनमूळ घडीने निघणार नाही असा त्याचा रोख आहे. पुढे चाळीसेक वर्षांतच हा रोख चुकीचा ठरला.

कसा, ते हाताने करूनच समजते. कागदाच्या खालच्या कडेपासून तीन सेंटिमीटर वर, मधोमध एक ठिपका द्या. खालच्या कडेवरचा कोणताही बिंदू उचलून त्या ठिपक्यावर आणा, दाबा, उघडा. एकेक सेंटिमीटर सरकत अशा वीस घड्या घातल्या की रेघांच्या गर्दीतून एक अन्वस्त (पॅराबोला) उमटतो. प्रत्येक घडी त्याची स्पर्शिका, म्हणजे त्याला फक्त टेकणारी रेषा, असते. म्हणजे ‘बिंदू रेषेवर आणणे’ याचा अर्थ अन्वस्ताची एक स्पर्शिका निवडणे. आता दोन ठिपके आणि दोन रेषा घेऊन एकाच घडीत पहिला ठिपका पहिल्या रेषेवर आणि दुसरा दुसरीवर आणला, तर ती घडी दोन अन्वस्तांची सामाईक स्पर्शिका होते. अशा स्पर्शिका जास्तीत जास्त तीन असतात आणि त्या शोधणे म्हणजे तृतीय घाताचे समीकरण सोडवणे. १९३६ मध्ये इटलीतील फेरारा येथील एका प्राध्यापिकेने हे दाखवून दिले. त्या कामाकडे पुढे कित्येक दशके फारसे कोणी पाहिले नाही.

खरा वाद याच घडीवरून आहे : तिला ‘एक घडी’ मानायचे का? आक्षेप असा की इथे कागद दोन्ही ठिपके जागेवर येईपर्यंत सरकवावा लागतो. ग्रीक लोक खुणा केलेली पट्टी सरकवून कोनाचे त्रिभाजन करत, पण ती रीत कंपास-पट्टीच्या नियमांत बसत नव्हती. मग कागदालाच ही सूट का? हा आक्षेप टिकत नाही. दिलेल्या बिंदूतून जाणारी घडी घालून दुसरा बिंदू रेषेवर आणायचा असतो, तेव्हाही कागद त्या बिंदूभोवती फिरवत सरकवावाच लागतो. त्या घडीतून फक्त वर्गमूळ निघते, म्हणून तिच्याविरुद्ध कोणी बोलत नाही. निकष सरकवण्याचा नसून घडी पक्की होण्याचा असला पाहिजे. घडीच्या रेघेला दोन मोकळीका असतात : ती सरकू शकते आणि वळू शकते. बिंदू बिंदूवर आणला की दोन्ही संपतात, बिंदू रेषेवर आणला की एक संपते. तेव्हा अशा दोन अटी एकत्र घातल्या की घडी पक्की होते, बहुतेक वेळा एक ते तीन जागांपैकी एका जागी. या निकषाने वादातली घडी पूर्ण कायदेशीर आहे.

याच निकषाने शक्य असलेल्या मूलभूत घड्यांची यादीही बंद होते. १९८६ च्या सुमारास फ्रान्समध्ये सात मूलभूत घड्यांची यादी झाली होती. १९८९ मध्ये फेरारातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीनंतर सहा घड्यांची यादी रूढ झाली. सातवी २००१ मध्ये जपानमधून पुन्हा पुढे आली : बिंदू एका रेषेवर आणायचा आणि घडी दुसऱ्या रेषेला लंब ठेवायची. तिने नवी संख्या एकही मिळत नाही, तरी ती गाळणे चूक होते, कारण यादी ताकदीची नव्हे, शक्य घड्यांची आहे. सातापलीकडे आठवी नाही, हेही नंतर सिद्ध झाले.

दोनचे घनमूळ काढण्याची आज सर्वांत प्रचलित कृती १९८६ ची आहे. ८० जीएसएमच्या ए-फोर कागदातून २१ सेंटिमीटरचा चौरस कापा. आधी त्याचे तीन समान आडवे पट्टे करायचे. उजवा खालचा कोपरा वरच्या कडेच्या मध्यावर आणून कागद दाबा. दुमडलेली खालची कड डाव्या कडेला जिथे छेदते तो बिंदू वरून बरोबर दोन तृतीयांशावर असतो. तिथून आडवी घडी घाला, मग वरची कड तिच्यावर आणून दुसरी. आता उजवा खालचा कोपरा डाव्या कडेवर आणायचा आणि त्याच वेळी उजव्या कडेवरचा खालच्या आडव्या रेघेचा टोकबिंदू वरच्या आडव्या रेघेवर. दोन्ही जुळल्यावरच दाबा. कोपऱ्याने डाव्या कडेचे ११.७१ आणि ९.२९ सेंटिमीटर असे भाग पडतात. त्यांचे गुणोत्तर १.२६, म्हणजेच दोनचे घनमूळ.

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. टोकबिंदूची खूण एकाच बाजूला असली तर दुमडल्यावर दिसत नाही. ती दोन्ही बाजूंना करा किंवा कागद खिडकीच्या काचेवर धरा. आणि एक खूण जुळताच घाईने दाबले की दुसरी हटते. कोपरा अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी गुणोत्तर १.२५ किंवा १.२७ येते. वर्तमानपत्राचा कागद नको, त्यावर रेघ रुंद पडते.

कोनाच्या त्रिभाजनाची घडी जपानमधून १९८० च्या सुमारास आली. तीही याच जातीची, फक्त दुसरी रेषा म्हणजे दिलेल्या कोनाची भुजा.

अलीकडचे काम एकाच वेळी दोन घड्या घालण्याचे आहे. दोन्ही रेघा एकमेकींवर अवलंबून ठेवून एकदमच पक्क्या केल्या की कोनाचे पाच समान भागही होतात, जे एकेका घडीने साधत नाही. कागदावर मात्र एक रेघ जुळवताना दुसरी सुटते, आणि दोन्ही नीट येईपर्यंत कोणतीच दाबता येत नाही.