हातगाडीतला ‘त’ आणि सर्बियन भाषा

देशोदेशींच्या अधिकृत भाषांच्या यादीत बाल्कन भागात सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि माँटेनेग्रिन अशी चार नावं दिसतात. एकट्या बोस्निया-हर्झेगोविनात यांतल्या तिघींना अधिकृत दर्जा आहे. साहजिकच आपण या चार वेगळ्या भाषा समजतो. पण दर्जा हा कायद्याचा विषय आहे. भाषेची घडण तपासायची तर उच्चारांकडे पाहावं लागतं.

‘हातगाडी’ हा शब्द भरभर म्हणून पाहा. ‘हाद्गाडी’ ऐकू येतं ना? ‘त’ अघोष, म्हणजे तो उच्चारताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. ‘ग’ घोष. ‘ग’साठी लागणारा कंप थोडा आधीच सुरू होतो आणि ‘त’चा ‘द’ होतो. संस्कृतात हा बदल लिहितातही: सत् + गुण = सद्गुण. ‘हातगाडी’ लिहिताना आपण मात्र ‘त’च ठेवतो.

सर्बियन हा बदल लिहिते. ‘स्लादाक’ म्हणजे गोड. स्त्रीलिंगी रूपात दुसरा ‘आ’ गळतो, ‘द’ थेट अघोष ‘क’ला भिडतो आणि ‘स्लात्का’ होतं. लिहायचंही ‘त’नेच. सर्ब माणूस ‘स्र्बिन’, पण त्याची भाषा ‘स्र्प्स्की’, कारण अघोष ‘स’च्या आधी ‘ब’चा ‘प’ झाला. अपवादही आहे: ‘स’च्या आधीचा ‘द’ लेखनात टिकतो, म्हणून अध्यक्ष हा ‘प्रेद्सेद्निक’.

ही शिस्त सर्बियन भाषासुधारक वुक काराजिच यांची. १८१८च्या शब्दकोशात त्यांनी एका ध्वनीला एक अक्षर हे तत्त्व वापरलं. आजच्या सर्बियन सिरिलिक लिपीत ३० अक्षरं आहेत. आपण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन वेगळे ‘च’ एकाच अक्षराने लिहितो. तिथे ‘चाय’ (चहा) आणि ‘त्सार’ (सम्राट) यांना वेगळी अक्षरं आहेत. देवनागरी ही जगातली सर्वांत शास्त्रशुद्ध लिपी असल्याचे संदेश पुढे ढकलण्याआधी हे दोन ‘च’ आठवावेत. देवनागरीची वर्णांची मांडणी खरोखर सुंदर आहे, तिला अशा खोट्या बढाईची गरज नाही.

‘स्लादाक–स्लात्का’ चारही प्रमाणभाषांत तसंच आहे. फरक आहेत, उदाहरणार्थ दूध: सर्बियात ‘म्लेको’, इतर तिघींत ‘म्लियेको’. पण ही रेघ सीमेवरून जात नाही. बोस्निया आणि माँटेनेग्रोतले सर्बही ‘म्लियेको’च म्हणतात.

माँटेनेग्रोच्या २००७च्या राज्यघटनेत माँटेनेग्रिन ‘अधिकृत’ आहे, सर्बियन फक्त ‘अधिकृत वापरात’. अशी दुहेरी रचना आपल्या ओळखीची आहे: गोव्याच्या १९८७च्या कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्याही शासकीय वापराची तरतूद आहे. माँटेनेग्रोत २०११च्या जनगणनेत सुमारे ४३ टक्के लोकांनी मातृभाषा सर्बियन सांगितली, सुमारे ३७ टक्क्यांनी माँटेनेग्रिन. दोन्ही गट ‘स्लात्का’ ‘त’नेच लिहितात.