पौर्वात्य अग्निउदर भेक

कोरिया, चीनचा ईशान्य भाग आणि रशियाच्या अतिपूर्वेकडील प्रिमोर्ये व खाबारोव्स्क या प्रदेशांत आढळणारा लहानसा उभयचर प्राणी. शास्त्रीय नाव बॉम्बिना ओरिएंटॅलिस. जॉर्ज ॲल्बर्ट बूलेंजर यांनी १८९० मध्ये त्याचे वर्णन केले. नावात भेक (खरबरीत त्वचेचा बेडूक) असला, तरी खऱ्या भेकांच्या ब्यूफोनिडी कुलातला तो नव्हे. त्याचे कुल बॉम्बिनॅटोरिडी.

लांबी जेमतेम ४ ते ५ सेंमी. पाठ चामखिळींनी खरबरीत, हिरवी किंवा करडी-तपकिरी, वर काळे ठिपके. शेवाळलेल्या डबक्यात तरंगत असला, तर नजर त्याच्यावरून सहज घसरते. सगळी झळाळी पोटावर : शेंदरी-लाल रंग आणि त्यावर काळे ठसे. डोळ्यातली बाहुली जवळजवळ त्रिकोणी.

शत्रू जवळ आला, की हा बहुधा पळत नाही. डोके आणि मागचा भाग उचलून पाठ खोलगट वाकवतो, पाय वर घेऊन तळव्यांचा व पोटाच्या कडांचा लाल रंग दाखवतो आणि तसाच निश्चल राहतो. कधी सरळ उताणाच होतो. याला ‘उंके प्रतिक्षेप’ (आपोआप घडणारी प्रतिक्रिया) म्हणतात. उंके हे या भेकांचे जर्मन नाव. ही पोकळ धमकी नव्हे. त्वचेतील ग्रंथींचा विषारी स्राव तोंडाची आग करतो. भेक हाताळून तेच बोट डोळ्याला लावले, तर माणसालाही त्याचा प्रत्यय येतो.

विलक्षण गोष्ट ही, की हा लाल रंग खाद्यातून येतो. किडे व इतर बारीक जीवांमधली कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये त्वचेत साठतात. बंदिवासात ती न मिळालेल्या भेकांचे पोट फिकट पिवळसर राहते.

जीभ चकतीसारखी, तोंडाच्या तळाला चिकटलेली. ती बाहेर फेकता येत नाही, त्यामुळे भक्ष्यावर झेप घेऊन ते जबड्यातच पकडावे लागते आणि पुढच्या पायांनी आत ढकलावे लागते.

वसंत ते उन्हाळा हा विणीचा काळ. नराला स्वरकोश (आवाज मोठा करणारी गळ्याखालची पिशवी) नसतो. त्याची साद हलकी, टिपटिपल्यासारखी. मादी साचलेल्या पाण्यातील वनस्पतींना अंड्यांचे छोटे पुंजके चिकटवते. हिवाळा कुजक्या ओंडक्यांत किंवा दगडांखाली निष्क्रिय अवस्थेत जातो.

जगभर उभयचरांचा घात करणाऱ्या कायट्रिड बुरशीचे मूळ पूर्व आशियात असल्याचे २०१८ मधील जनुकीय अभ्यासाने दाखवले. तिचा एक जुना वंश कोरियातील याच भेकांवर मिळाला. तिथे तिने साथ माजवलेली नाही. पण हा भेक पाळण्यासाठी दूरदूर विकला जातो, आणि त्याच्या टाकीतले पाणी निर्जंतुक न करता ओतल्यास बुरशी स्थानिक बेडकांपर्यंत पोहोचू शकते.